मल्लांची मनोभूमी आणि संगीत

महाराष्ट्रात कुस्तीचे मैदान आणि हलगीचा कडकडाट ही दोन वेगळी करता येत नाहीत. कोल्हापूरचे खासबाग मैदान असो वा एखाद्या खेड्यातील यात्रेचा फड, शेकोटीवर तापवून ताणलेली हलगी वाजू लागली की मल्लाची पावले आपोआप आखाड्याकडे वळतात आणि शड्डू घुमतो. थायलंडमध्येही मुष्टियुद्धाच्या ‘मुए थाई’ या प्रकारात लढतीपूर्वी गुरुवंदनेचे संथ नृत्य होते. त्या वेळी सनईसारखे वाद्य, ढोल व झांजा वाजतात. पुढे लढत रंगते तशी लयही वाढत जाते. जुन्या जाणत्यांनी अनुभवाने ओळखलेल्या या संबंधाचा आता शास्त्रीय पद्धतीने अभ्यास झाला आहे.

अभ्यास काय सांगतो?

खेळ, व्यायाम आणि संगीत यांविषयीच्या १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार संगीतामुळे मन प्रसन्न होते, श्रमांची जाणीव काहीशी घटते आणि शारीरिक कामगिरीत माफक सुधारणा होते. हृदयाच्या ठोक्यांवर मात्र म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. म्हणजे संगीताचा मोठा लाभ मनाला होतो. कामगिरीतील वाढ त्याहून लहान असते. सराव, आहार आणि विश्रांती यांची उणीव गाण्याने भरून निघत नाही.

उत्तेजनाची मर्यादा

यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली केलेल्या प्रयोगांतून पुढे एक तत्त्व रूढ झाले. उत्तेजना वाढते तशी कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते आणि त्यानंतर ढासळते. द्वंद्वक्रीडेत याचा प्रत्यय लवकर येतो. मॅटवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. एवढ्या अल्प वेळात प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखणे, तोल राखणे आणि नियमांचे भान ठेवणे आवश्यक असते. अतिउत्तेजित मल्ल पहिल्याच मिनिटात दम घालवतो आणि घाईने प्रतिडावात सापडतो.

म्हणून सर्वांना एकच गाणे लावणे योग्य नव्हे. सुस्त किंवा निरुत्साही खेळाडूला द्रुत लयीचे, ठसकेबाज संगीत उपयोगी पडते. ज्याचे हात स्पर्धेपूर्वीच थरथरतात, घशाला कोरड पडते, त्याला संथ लयीचे संगीत आणि दीर्घ श्वसन अधिक हितकर ठरते. खेळाडूने स्वतः निवडलेले, परिचयाचे संगीत बहुधा अधिक उपयुक्त असते.

माती आणि मॅट

मातीच्या फडात हलगी दोन्ही मल्लांना आणि प्रेक्षकांना सारखीच ऐकू येते. मॅटच्या सभागृहात ती साथ नसते. हलगीच्या तालावर वाढलेल्या ग्रामीण मल्लाला ती शांतता अनोळखी वाटू शकते. त्याने शरीर तापवताना कानयंत्रातून परिचित ताल ऐकावा. परंतु कधी तरी संगीताविनाही सराव करावा, म्हणजे साधन हाताशी नसले तरी मन विचलित होणार नाही.

शिक्षक व ग्रामपंचायतींसाठी

शालेय कुस्ती, ज्यूदो, कराटे वा तायक्वांदो स्पर्धांची तयारी करून घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. संगीताचा प्रयोग प्रथम सरावात करावा. ऐन स्पर्धेच्या दिवशी नव्हे.

२. प्रशिक्षकाच्या अखेरच्या सूचनांपूर्वी आणि नावाचा पुकारा होण्याआधी कानयंत्र काढावे.

३. आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यात ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. मुलांच्या सरावात कर्णकर्कश ध्वनिक्षेपक लावू नयेत.

४. खेळाडूला संगीत नको असेल तर आग्रह धरू नये.

या उपायाला वेगळा निधी लागत नाही. मात्र यात्रेच्या कुस्त्यांचे अंदाजपत्रक आखताना इनामांच्या रकमेबरोबर हलगीवादकाच्या योग्य मानधनाचीही तरतूद ग्रामपंचायतींनी आणि यात्रा समित्यांनी करावी. मल्लाच्या मनाची तयारी तो पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. त्याची कला टिकली तरच फडाचा हा ताल पुढील पिढीच्या कानी पडेल.