भिंतीत बसलेले रेडियम

खाणीतला दगड दळून त्यातील धातू काढून घेतला, की मागे बारीक चुरा उरतो. त्याला टेलिंग्ज म्हणतात. आपण चोथा म्हणू. सोन्याच्या दगडात सोने इतके थोडे असते, की जवळजवळ सगळा दगडच चोथा होऊन पडतो. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, पण चोथ्याच्या टेकड्या मागे राहिल्या. एवढी फुकटची वाळू पाहून कोणालाही वाटेल, हिच्या विटा का पाडू नयेत? प्रश्न वाजवी आहे. पण त्याआधी अमेरिकेतील एका गावाची हकीकत पाहू.

कोलोरॅडो राज्यातील ग्रँड जंक्शन येथे १९५१ ते १९७० पर्यंत युरेनियमची गिरणी चालली. तिचा रेतीसारखा चोथा १९६६ पर्यंत लोकांना नेऊ दिला जात असे. तो घरांच्या पायात भरला गेला, काँक्रीटमध्ये मिसळला गेला. युरेनियम तर काढून घेतले आहे, मग भीती कसली?

मेख येथेच आहे. युरेनियमच्या विघटनातून पायरीपायरीने थोरियम-२३०, रेडियम-२२६ आणि रेडॉन वायू तयार होतात. गिरणी घेते फक्त युरेनियम. त्याची संतती चोथ्यातच राहते. खनिजाच्या किरणोत्सर्गापैकी सुमारे ८५ टक्के भाग असा मागे राहतो.

थोडे गणित करू. समजा, एक किलो खनिजात २ ग्रॅम युरेनियम आहे. एक ग्रॅम युरेनियम-२३८ मध्ये सेकंदाला सुमारे १२,४०० अणूंचे विघटन होते. जुन्या खनिजात रेडियमच्या विघटनाचा वेगही तेवढाच असतो. म्हणजे किलोमागे २४,८०० बेकरेल रेडियम, आणि ते जवळपास सगळे चोथ्यात उतरते. युरोपात बांधकामाच्या मालासाठी एक निर्देशांक वापरतात. त्यात रेडियमच्या बेकरेलना ३०० ने भागतात, थोरियम-२३२ व पोटॅशियम-४० यांचे भागाकार त्यात मिळवतात, आणि बेरीज १ च्या वर गेली तर माल संशयित ठरतो. आपल्या चोथ्याचा एकट्या रेडियमचा भागाकारच ८३ च्या आसपास येतो! पाच भाग साधी वाळू मिसळली तरी १४ उरतात. शिवाय हा हिशेब फक्त गॅमा किरणांचा.

रेडॉनचा हिशेब वेगळा. तो फटींतून खोलीत येतो. त्यापासून होणारे पोलोनियमचे अणू धुळीला चिकटून फुप्फुसात जातात आणि तेथे अल्फा कण सोडतात. त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो.

आता शिसे, कॅडमियम, आर्सेनिक असलेला चोथा घ्या. येथे सिमेंट खरोखर कामाला येते. त्याच्या अल्कात कॅडमियमचे न विरघळणारे हायड्रॉक्साइड बनते, आर्सेनिक चुन्याशी बांधले जाते. शिसे मात्र लहरी आहे. अल्क फार तीव्र झाला तर ते पुन्हा विरघळू लागते. चोथ्यात पायराइट असेल तर हवा-पाण्याने त्याचे सल्फ्यूरिक आम्ल होऊन सिमेंटच पोखरले जाते. म्हणून मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक खाणीसाठी नव्याने ठरवावे लागते आणि वीट तपासावी लागते. अमेरिकेतील एका प्रमाणित कसोटीत नमुना फोडून वीसपट वजनाच्या सौम्य ॲसिटिक आम्लात १८ तास घुसळतात. त्या द्रावात शिसे लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत पोचले, तर माल घातक कचरा ठरतो. अखंड वीट का घेत नाहीत? कारण भिंत कधीतरी पाडली जाते, आणि मग तिचे डबर होते.

हाच उपाय रेडियमला का चालत नाही, ते आता कळेल. सिमेंटची पकड अणूच्या बाहेरील इलेक्ट्रॉनांवर असते. विघटन होते केंद्रकात. रेडियम बांधले तरी त्यातून होणारा रेडॉन निष्क्रिय वायू. तो कशाशीच बांधला जात नाही.

ग्रँड जंक्शनच्या घरांच्या सफाईसाठी १९७२ साली कायदा झाला. पुढे हजारो ठिकाणचा माल उकरून, गिरणीच्या ढिगासह, गावापासून सुमारे २९ किलोमीटरवर पुरण्यात आला. वर मातीचा जाड थर दिला. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे, थरातून वर झिरपता झिरपताच त्याचा बराचसा भाग संपतो. असे थर निदान २०० आणि शक्य तर १,००० वर्षे टिकावेत असा तेथील नियम आहे. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे आहे, आणि त्याला जन्म देणाऱ्या थोरियम-२३० चे सुमारे ७५,००० वर्षांचे.