कोकणातील लहान लाकडी घर आणि दोन टंचाया

स्वयंपूर्ण घर, म्हणजे पाणी आणि वीज यांसाठी बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून नसलेले घर, कोकणात बांधू पाहणाऱ्यांचा हिशेब बहुधा वर्षाच्या सरासरीवर केलेला असतो आणि तेथेच तो फसतो. दक्षिण कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ऊनही मुबलक असते. परंतु हा पाऊस बव्हंशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि नेमके त्याच महिन्यांत ऊन दुर्मीळ होते. त्यामुळे अशा घराला विजेची टंचाई आषाढात आणि पाण्याची वैशाखात भेडसावते, आणि घराचे आकारमान ठरवताना या दोन महिन्यांनाच प्रमाण मानावे लागते.

पाण्याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावरून पन्हळीत येणारे पाणी वर्षाकाठी दीड लाख लिटरांच्या घरात जाते. दोन माणसांना मिळून रोज १२० लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना सुमारे २९,००० लिटर पुरतात. उणीव पावसाची नसून साठवणीची आहे. एवढ्या पाण्याचे वजन २९ टन भरते, आणि ते लाकडी सांगाड्यावर ठेवण्याचा विचारही करू नये. टाकी जमिनीत घ्यावी आणि तिचा खर्च घराच्या अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत मांडावा. जांभा दगडात पाणी झपाट्याने झिरपून जात असल्याने तेथील अनेक विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, तेव्हा विहिरीच्या भरवशावर टाकी लहान करणे धोक्याचे.

विजेच्या बाबतीत घासाघीस गरजेशी करावी लागते. सलग झडीच्या दिवसांत सौरफलकांचे उत्पादन इतके घटते की विजेरी भरेल तेवढी वीजही मिळत नाही, आणि केवळ त्या दिवसांसाठी फलक व विजेऱ्या दुप्पट करणे म्हणजे उरलेले वर्षभर भांडवल छपरावर वाळत घालणे होय. दिवे, पंखे आणि लहान शीतकपाट एवढ्यावर गरज आवरता येत नसेल, तर महावितरणची जोडणी ठेवण्यात कमीपणा नाही.

तथापि फसलेल्या घरांची खरी कथा लाकडाची आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या घरांत खांब मधोमध क्वचितच कुजलेले असतात. ते कुजतात बुडख्याशी, कारण लाकडाचा आडवा छेद उभ्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक वेगाने पाणी शोषतो, आणि ओलावा वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशीला मोकळे रान मिळते. जुन्या गवंडी-सुतारांनी खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखाली बसवलेल्या घडीव दगडावर, उभा केला तो यासाठीच. हल्ली तोच खांब काँक्रीटमध्ये पुरला जातो आणि भक्कम केल्याचे समाधान मानले जाते. तळखडा उंच जोत्यावर बसवण्याचा दुसरा लाभ असा की वाळवीला वर चढण्यासाठी मातीची नळी बांधावी लागते आणि ती उघड्या दगडावर नजरेस पडते. टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाचा किडीवर उपयोग होतो, पण ते पावसाने धुऊन जाते, म्हणून बाहेरच्या लाकडाचे रक्षण रुंद वळचणीनेच, म्हणजे भिंतीपुढे झुकलेल्या छपरानेच, करावे लागते. पडवी ही चैन समजून वगळणाऱ्यांच्या पश्चिमेकडील भिंती पहिल्याच झडीत भिजतात.

साग, ऐन, किंजळ वा फणस यांचे मध्यकाष्ठ, म्हणजे खोडाच्या गाभ्याचे गडद लाकूड, घ्यावे. सालीलगतचे फिकट रसकाष्ठ भुंग्याचे खाद्य असते. ओले लाकूड वाळताना आडवे आकसते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे घाईने जोडलेले सांधे सैल पडतात, आणि हवेवर वाळवायचे तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष द्यावे, असा ठोकताळा आहे. स्वतःच्या जमिनीतील झाड असले तरी महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीतील वृक्षाला तोडपरवानगी लागते. वरील चारही वृक्ष तिच्यात आहेत. या दोन्ही कारणांनी मोडलेल्या जुन्या घराचे वासे आणि तुळया नव्या लाकडापेक्षा सरस ठरतात, मात्र त्यांतील खिळे आणि भुंग्याची भोके तपासून घेतली पाहिजेत.

एक गोष्ट अजूनही बहुतेक आराखड्यांत आढळत नाही. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य छपरे उडाली, कारण वारा छपराला नुसता दाबत नाही, तर वर उचलतोही. हलक्या लाकडी घरात वासा तुळईशी, तुळई खांबाशी आणि खांब जोत्याशी लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी बांधलेला असावा, आणि ही साखळी कोठेही तुटता कामा नये; केवळ खिळ्यांवर सोडलेला एक सांधाही उरलेल्या सगळ्या पट्ट्या वाया घालवतो.