धारोष्ण दूध, अंगातला ताप आणि धरलेली कंबर

ब्रुसेलोसिस हा मुळात जनावरांचा रोग. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या गर्भाशयात आणि कासेत ब्रुसेला जीवाणू ठाण मांडतात. निरशा दुधातून किंवा गाभडलेल्या जनावराची वार हाताळताना ते माणसाच्या शरीरात शिरतात. बहुतेकांना लांबलेला ताप येतो. काही रुग्णांत जीवाणू मणक्यात उतरतात, आणि फार थोड्यांत मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचतात. दोन्ही ठिकाणी चित्र क्षयासारखेच दिसते, म्हणून निदान चुकते.

१८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जीवाणू शोधला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांनी त्याचा माग शेळ्यांपर्यंत नेला. पुढच्या वर्षी सैनिकांचे शेळीचे दूध बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला.

कोल्हापुरात म्हैस समोर पिळून फेसाळ दूध जागेवर पिण्याची रीत जुनी आहे. गंगावेशीचा दूधकट्टा त्यासाठीच ओळखला जातो, आणि तालमीतल्या पोरांना तर धारोष्ण दूध म्हणजे खुराकाचा कणा वाटतो. या दुधाबद्दलचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे. पण दूध ताजे आहे, भेसळीचे नाही, म्हैस धष्टपुष्ट आहे, यातले काहीही ब्रुसेलापासून वाचवत नाही. बाधित म्हैस बहुधा एकदाच गाभडते. पुढची वेते नीट होतात, दुधातून जीवाणू मात्र येत राहू शकतात. एक उकळी आली की ते मरतात. पाश्चरीकरणात ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद पुरतात, त्यामुळे दूध संघाच्या पिशवीतल्या दुधात हा धोका उरत नाही. उकळलेल्या दुधाचे दही, ताक, लोणी निर्धोक असते.

लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, त्रास सुरू होतो. संध्याकाळी कणकण, रात्री दरदरून घाम, सांधेदुखी, गळून गेल्यासारखे वाटणे. मणक्यात शिरकाव झाला तर कंबर धरते आणि विश्रांतीनेही सुटत नाही. क्षय बहुधा छातीमागचे मणके धरतो, मणका ढासळवतो, कुबड आणतो. ब्रुसेला बहुतेक वेळा कमरेचे मणके धरतो. चकतीलगतची कड झिजते, मणक्याची उंची बरीचशी टिकते. एमआरआयवर हा फरक दिसू शकतो, पण नेहमीच नाही. मेंदूच्या आवरणांना सूज आली तर डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, ऐकू कमी येणे, वागण्यात बदल अशी लक्षणे दिसतात. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली आणि साखर कमी, हे चित्रही क्षयाच्या मेंदूज्वरासारखेच.

आपल्याकडे क्षय कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो, आणि ते योग्यच आहे. मात्र क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही चालते. रुग्णाला काही आठवडे बरे वाटते, खरा रोग झाकला जातो आणि पुन्हा उसळतो. म्हणून ‘निरसे दूध पितो’, ‘गोठ्यात काम करतो’, ‘म्हैस गाभडली होती’ हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता रुग्णाने स्वतःहून सांगावे. त्यावरून रोझ बेंगॉल व अ‍ॅग्लुटिनेशन या रक्ताच्या तपासण्या आणि रक्ताचे कल्चर मागवता येते. जीवाणू सावकाश वाढतो आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही लागण होऊ शकते, म्हणून ब्रुसेलाचा संशय कल्चरच्या कागदावर लिहिलेला असावा.

साध्या तापाला डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे देतात. रिफॅम्पिसिनऐवजी कधी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. मणक्याला किमान तीन महिने औषधे लागतात. मेंदूच्या आवरणांसाठी सेफ्ट्रियाक्सोनही जोडतात आणि उपचार काही महिने चालतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषधे वेगळी असतात. ताप उतरला म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या की रोग उलटतो. पायातली ताकद जाणे, लघवी अडणे, मान ताठरून गुंगी येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोठ्यात पाचव्या महिन्यानंतर गाय किंवा म्हैस गाभडली तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नयेत. हातमोजे घालून ती चुना टाकून खोल पुरावीत. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच लस टोचतात. सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. माणसासाठी अशी लस आपल्याकडे वापरात नाही. जनावरांच्या नेहमीच्या लसीत जिवंत जीवाणू असतात, त्यामुळे टोचताना सुई स्वतःच्या हाताला लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.