हिमोफिलियावरील औषधांचा बाजार : एक अभ्यास

व्यापाराचा पहिला धडा असा की, माल महाग वाटला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते किंवा खरेदी पुढे ढकलते. मागणी आणि पुरवठा यांचा तोल याच मोकळिकीवर उभा असतो. परंतु काही माल असा आहे की, त्याच्या गिऱ्हाइकास ही मोकळीक मुळीच नसते. अशा मालाचा भाव कशाने चढतो, कशाने उतरतो आणि त्याची पुढील चाल काय राहील, हे हिमोफिलिया या विरळा रक्तविकाराच्या औषधांवरून आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

विकाराचे स्वरूप

रक्त गोठण्यासाठी अनेक घटक क्रमाने काम करतात. त्यांपैकी आठवा घटक उणा असला म्हणजे हिमोफिलिया 'ए', आणि नववा उणा असला म्हणजे हिमोफिलिया 'बी' होतो. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकास पहिला प्रकार आढळतो. दुसरा त्याहून पुष्कळ विरळा आहे. बाहेरच्या जखमेपेक्षा सांध्यांत होणारा रक्तस्राव अधिक नुकसान करतो. गुडघा, घोटा, कोपर वारंवार रक्ताने भरतात व अखेर निकामी होतात. हा दोष बहुधा मातेकडून पुत्राकडे येतो. माता स्वतः निरोगी दिसते, पण तिच्या प्रत्येक पुत्रास तो येण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी हा विकार कोणासच झालेला नसतो. म्हणून सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणे हे निव्वळ अज्ञान होय.

मालाची वाटचाल

१९६४ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात जुडिथ पूल या विदुषीला असे आढळले की, गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळविला असता तळाशी जो साका उरतो, त्यात आठवा घटक विपुल असतो. ही कृती साधी असल्यामुळे ती रक्तपेढ्यांच्या आवाक्यात आली. पुढे हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून त्याची कोरडी भुकटी निघू लागली व रुग्णाला घरीच सुई टोचून घेता येऊ लागली. बाजार एकदम फोफावला. परंतु मालाच्या शुद्धतेची पारख त्या वेगाने झाली नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी याच भुकटीतून एड्स व काविळीचे विषाणू हजारो रुग्णांच्या शरीरात गेले आणि असंख्य माणसे दगावली. ब्रिटनमधील या प्रकरणाचा चौकशी अहवाल मे २०२४ मध्ये, म्हणजे चार दशकांनंतर, प्रसिद्ध झाला. मालाची खोट किती काळ माणसांना छळते, याचा हा दाखला विसरता कामा नये.

त्यानंतर उष्णतेने विषाणू मारण्याची पद्धत आली. १९९२ साली मानवी रक्तावाचून, जनुकतंत्राने बनविलेल्या आठव्या घटकाला अमेरिकेत परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथे एमिसिझुमॅब आले. हे औषध आठवा घटक नव्हे, तर त्याचे काम करणारा प्रतिपिंड आहे. ते शिरेत नव्हे, कातडीखाली टोचतात. आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी एकदा पुरते. भारतातही ते विक्रीस आले.

सर्वांत महाग मालाचे काय झाले?

नोव्हेंबर २०२२ मध्ये हिमोफिलिया 'बी' वरील हेमजेनिक्स या जनुकोपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. एकाच मात्रेची किंमत ३५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने २८ कोटी रुपयांहून अधिक! जून २०२३ मध्ये 'ए' प्रकारावरील रॉक्टेव्हियन २९ लाख डॉलर किमतीने तेथे आले. एप्रिल २०२४ मध्ये फायझर कंपनीच्या बेक्वेझला मान्यता मिळाली. तेही ३५ लाखांचे. एकदाच खर्च करून जन्मभराची औषधे टळतील, असा हिशेब होता.

तो जुळला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फायझरने मागणीअभावी बेक्वेझ थांबविले. ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉक्टेव्हियनच्या उत्पादकांनीही तो व्यवसाय सोडण्याचा मनोदय जाहीर केला. कारणे व्यापाऱ्याला सहज उमजतील. रॉक्टेव्हियनचा गुण वर्षागणिक ओसरताना दिसला; असा उपचार दुसऱ्यांदा देता येत नाही; आणि शेजारीच दुसरा खात्रीचा माल उपलब्ध होता. नावीन्य मोठे असले तरी टिकाऊपणाची हमी नसेल, तर गरजू गिऱ्हाईकही थांबते.

पुढील चाल

एकटा रुग्ण भाव उतरवू शकत नाही. एकत्र झालेले रुग्ण उतरवू शकतात. ब्रिटनमध्ये या औषधांची खरेदी राष्ट्रीय निविदेने होते. आयर्लंडमध्ये तर औषध निवडणाऱ्या मंडळावर रुग्णांचे प्रतिनिधीही बसतात; म्हणजे भावाबरोबर मालाची पारखही गिऱ्हाइकाच्या हाती येते. आपल्याकडे आठवा व नववा घटक आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्यांच्या कमाल किमतीवर सरकारचे नियंत्रण राहते. अनेक राज्ये निविदेने खरेदी करून सरकारी रुग्णालयांतून ते विनामूल्य देतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एमिसिझुमॅबवरील वस्तू व सेवा कर शून्यावर आला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचा आशादायक वृत्तांत डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तो अद्याप प्रयोग होता, बाजारातील माल नव्हे.

यावरून आमचा निष्कर्ष असा की, या बाजारात येत्या काळी स्पर्धा वाढेल. पण तिचा लाभ सामुदायिक खरेदी व अखंड पुरवठा जेथे असेल तेथेच पोहोचेल. निविदा लांबली व साठा संपला, तर आपल्या गोदामात केवळ विक्री बुडते. येथे एका मुलाचा गुडघा जातो.

आपले सभासद येथे पुष्कळ करू शकतात. औषधविक्रेत्यांनी ही औषधे सांगितलेल्या थंडाव्यात, म्हणजे २ ते ८ अंशांत, राखावी आणि अशा रुग्णास वैद्याला विचारल्यावाचून ॲस्पिरिन देऊ नये. कुटुंबांनी, मूल रांगू लागताच अंगावर काळेनिळे डाग उठत असतील किंवा सांधा सुजत असेल, तर रक्ततपासणी करून घ्यावी. निदान झाल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात हा विकार समाविष्ट आहे, हे ध्यानी ठेवून प्रमाणपत्र मिळवावे व रुग्णाची नोंद करवावी. नोंद नसलेल्या रुग्णासाठी कोणतीही निविदा निघत नाही.