भीती राहू दे, काम लहान कर

वालूर, ता. सेलू, जि. परभणी

चि. ताईस,


परवा तुझा फोन झाल्यापासून मनात तोच विषय घोळतो आहे. तू घाईत होतीस, आणि अशा गोष्टी फोनवर धड सांगून होत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. ड्रायव्हिंगचा क्लास अर्ध्यावर सोडायचा, दारातली गाडी विकून टाकायची आणि उपकेंद्रावर जायला पुन्हा काळीपिवळीची वाट बघत फाट्यावर उभं राहायचं, असं तू जवळजवळ ठरवलं आहेस. कारण एकच सांगितलंस, "आत्या, मी मुळातच भित्री आहे." हे कारण मला मान्य नाही.

तुझ्या दिराला गाडी आपोआप आली, असं तू म्हणालीस. आपोआप कुणालाच येत नाही. आपल्याकडची पोरं कळत्या वयापासून बापाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरतात. मिसरूड फुटायच्या आत वखरणी झालेल्या रानात ट्रॅक्टर मागे-पुढे घेतात. तिथं क्लच झटक्यानं सुटला तर ढेकळांशिवाय बघायला कुणी नसतं. कायद्यानं ते चूकच आहे, पण घडतं असंच. लायसनच्या वयाला पोचेपर्यंत त्यांच्या हातापायांना कित्येक वर्षांची सवय झालेली असते. तू सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्टेअरिंगला हात लावलास, तोही भर बाजाराच्या रस्त्यावर, चार लोकांसमोर. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक आहे तो चालवलेल्या तासांचा. तो हिमतीचा समजू नकोस.

आता क्लासचा हिशोब बघ. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये खाजगी हलक्या गाडीच्या शिक्षणासाठी किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितले आहेत. यातला 'किमान' हा शब्द आपण विसरतो आणि एकविसाव्या दिवशी गाडी आली नाही की स्वतःला नापास करून मोकळे होतो. दहा तासांत गाडीची तोंडओळख होते. हात बसायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि वय वाढलेलं असेल तर आणखी थोडा. तू नर्सिंगला होतीस तेव्हा पहिलं इंजेक्शन देताना तुझा हात थरथरला होता, हे तूच मला सांगितलं होतंस. आज तान्ह्या लेकराला लस देताना तुझा हात हलत नाही. थरथर गेल्यावर तू सुई धरली नव्हतीस. सुई धरत गेलीस म्हणून थरथर गेली.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की भीती घालवायच्या मागे लागू नकोस, काम लहान कर. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली. काम सोपं असेल तर ताण बराच वाढला तरी शिकणं थांबत नाही, पण काम अवघड असेल तर थोड्या जास्तीच्या ताणानंही ते बिघडतं. माणसाचंही पुष्कळसं तसंच आहे. क्लच, गिअर, आरसा, समोरची म्हैस, मागचा हॉर्न आणि शेजारी ओरडणारे मास्तर, हे सगळं एकदम अंगावर घेतलंस तर डोकं बधिर होणारच. भीती हुकमानं कमी होत नाही. काम मात्र लहान करणं आपल्या हातात असतं.

ते कसं करायचं ते सांगते. एक मोकळं, सपाट मैदान बघ. एक पूर्ण सकाळ फक्त क्लचसाठी ठेव. गाडी पहिल्या गिअरमध्ये, उजवा पाय ब्रेकवर, डाव्या पायाची टाच जमिनीला टेकलेली. क्लच हळूहळू वर येऊ दे. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, पायाखाली बारीक थरथर लागते आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथंच पाय थांबव. ब्रेक सोड. अ‍ॅक्सिलरेटर न देताही गाडी मुंगीच्या चालीनं पुढे सरकेल. पुन्हा क्लच दाब, ब्रेक दाब, थांब. त्या सकाळी दुसरं काहीही करायचं नाही. ती जागा तुझ्या पायाला डोळे मिटूनही सापडायला लागली की तुझी निम्मी भीती कामाला लागली असं समज.

क्लासच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. तो हवाच, त्यानं जीव वाचतो. पण गाडी नेमकी तुझ्या पायानं थांबली की त्यांच्या, हे तुला कळत नाही. मग चांगलं झालं तरी ते आपलं वाटत नाही. उद्यापासून मास्तरांना आधीच सांग, "सर, तुमचा पाय लागला की मला बोलून दाखवा." आणि ते ओरडत असतील तर आवाज खाली घ्यायलाही सांग. फी तू भरली आहेस, सांगायचा तुला हक्क आहे. तरीही जमलं नाही तर मास्तर बदल, शिकणं सोडू नकोस.

बसस्टँडसमोर गाडी बंद पडली आणि रिक्षावाले हसले, हे तुला फार लागलं आहे. त्यावर मला एकच औषध माहीत आहे. गाडी मुद्दाम बंद पाड. मैदानात क्लच झटक्यानं सोड, गाडी आचका देऊन बंद पडू दे. मग ब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी, पहिला गिअर, या क्रमानं पुन्हा सुरू कर. हे इतक्या वेळा कर की कंटाळा यावा. ज्या गोष्टीतून बाहेर पडायची वाट पायाखालची असते तिची धास्ती उरत नाही. मागचा हॉर्न वाजवत राहील, त्याचा हात त्याच्या हॉर्नवर. तू तुझा क्रम पुरा कर.

आणि बोलत चालव. "समोर बैलगाडी, मागं मोटरसायकल, डावीकडं शाळेची पोरं, मी तिसऱ्यातून दुसरा टाकते." ब्रिटनमध्ये पोलिसांना गाडी शिकवताना ही पद्धत वापरतात. बोलताना श्वास कोंडून धरता येत नाही, आणि नजर बोनेटवर खिळून न राहता लांब रस्त्यावर जाते. नवीन माणसाची गाडी नागमोडी जाते ती बहुधा जवळ बघत चालवल्यानं.

शीला डावरे हे नाव तू ऐकलं असशील. आपल्या परभणीच्या. 1988 साली, अठरा वर्षांच्या असताना, घरच्यांचा विरोध पत्करून त्या बारा रुपये घेऊन पुण्याला गेल्या आणि रिक्षा चालवू लागल्या. सुरुवातीला बाईच्या हाती कुणी रिक्षा भाड्यानं देईना. त्या मागे हटल्या नाहीत, 2001 पर्यंत त्यांनी पुण्यात रिक्षा चालवली. देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून लिम्का बुकात त्यांची नोंद झाली. जून 2023 मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड आगाराची एसटी चालवली, तेव्हा एसटीच्या चालकाच्या सीटवर बाई बसली. तुला विक्रम करायचा नाही, घरून उपकेंद्रावर जायचं आहे, हे मला माहीत आहे. पण परभणीच्या बाईला हे जमायचं नाही असं कुणी म्हणालं, तर त्याचं उत्तर पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच देऊन झालेलं आहे.

आता आपल्या रस्त्यांविषयी, कारण क्लासमध्ये हे शिकवत नाहीत. आपली माती काळी. पावसानंतर साइडपट्टी वरून सुकलेली दिसते आणि आत लोणी असते. अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की घाबरून चाक खाली घालू नकोस. आधीच वेग कमी कर, पट्टी टणक दिसेल तिथं थांब आणि बसला जाऊ दे. चाक उतरलंच तर स्टेअरिंग झटक्यानं ओढू नकोस, अ‍ॅक्सिलरेटर सोड आणि गाडी हळू झाल्यावरच वर घे. सध्या सोयाबीनचे दिवस आहेत, लोक डांबरीवर दाणे वाळत घालतात. त्यावर ब्रेक दाबलास तर गाडी घसरते. पुढच्या महिन्यात उसाचे ट्रॅक्टर सुरू होतील, दोन-दोन ट्रॉल्यांचे, कित्येकांना मागे लाल दिवाही नसतो. म्हणून हात बसेपर्यंत अंधारात गाडी काढू नकोस. अशा ठिकाणी तुझी भीती कामाची आहे. तिला आरसा बघायला लाव, अंतर राखायला लाव. माझ्या पाहण्यात बेदरकार माणसानं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं भित्र्यानं केलेलं नाही.

कधी छाती फारच धडधडली, हातपाय गार पडले, तर डावा इंडिकेटर दे, गाडी कडेला घे, इंजिन बंद कर, पाणी पी. त्यात कमीपणा नाही. गाडीत बसायच्या नुसत्या विचारानं रात्रीची झोप उडत असेल, तर डॉक्टरांशी बोल. तू स्वतः आरोग्य खात्यात आहेस, बाकीच्यांना हेच सांगतेस.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. एजंटाला पैसे देऊन लायसन काढून ठेवू नकोस. लर्निंग लायसन सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. घाई करायचं कारण नाही. लाल 'एल' पुढे-मागे लाव, शेजारी लायसनवालं माणूस बसव आणि ते सहा महिने पुरेपूर वापर. स्वतःच्या हातानं रिव्हर्स घेऊन पास झालीस की त्या कार्डाला अर्थ आहे. नाहीतर तो कागद तुझं रक्षण करणार नाही, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या लेकराचंही नाही.

दिवाळीला इकडे ये, गाडी घेऊनच ये. येताना जावईबापू चालवतील, इथं आल्यावर तू. माझं लायसन आहे, मी शेजारी बसेन आणि एक हात हँडब्रेकजवळ ठेवेन. पहाटे रस्ता मोकळा असतो. गावकऱ्यांनी श्रमदानानं गाळ काढल्यापासून आपली बारव बघायला लांबलांबून लोक येतात. त्यांच्या गाड्या गल्लीत समोरासमोर आल्या की कुणाला तरी मागं यावंच लागतं. रिव्हर्सचा सराव त्याच गल्ल्यांत करू.

तुझ्या सासूबाईंची शुगर, तुझ्या रात्री-अपरात्रीच्या ड्युट्या आणि नवरा पुण्याला, हे सगळं बघता गाडी येणं ही तुझी हौस नाही, गरज आहे. गरजेच्या गोष्टीला 'मी भित्री आहे' हे उत्तर पुरत नाही. उद्या सकाळी मास्तरांना फोन कर, क्लास चालू ठेवते म्हणून सांग, आणि उद्याच्या दिवसापुरता फक्त क्लच शीक.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या