जुना सायलेन्सर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही करोंदला राहतो. आमची २०१६ ची बीएस-४ छोटी पेट्रोल गाडी आहे, एक लाख दहा हजार किलोमीटर झाली आहे. दोन महिन्यांपासून इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून 'पी ०४२०' हा कोड दाखवला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला म्हणून सांगितले. खर्च मजुरीसह ४६ हजार. बेरसिया रोडवरचा एक मेकॅनिक लोकल माल १३ हजारांत बसवून देतो म्हणतो, पण बिल कच्चे. दुसरा म्हणाला, "अंदर की जाली निकलवा दो, गाड़ी हल्की हो जाएगी, पैसा भी नहीं लूँगा." पुढच्या महिन्यात पीयूसी संपते आहे. कमी पैशांत काय करता येईल?
– एक वाचक, करोंद, भोपाळ

उत्तर : फुकटवाल्याचे आधी बघू, कारण तिघांत तोच सगळ्यात महाग आहे. ज्याला तो 'जाली' म्हणतो, ती कन्व्हर्टरच्या आतली, धूर स्वच्छ करणारी सिरॅमिकची बारीक छिद्रांची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. धातू काही ग्रॅमच, पण ऱ्होडियम सोन्याहून महाग. २०२१ मध्ये तर त्याचा भाव आभाळाला भिडला होता. तुमची वीट काढून घेणारा मनुष्य मजुरी का मागत नाही, हे आता वेगळे सांगायला नको.

शिवाय हे काम बेकायदा आहे. गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास कलम १९० (२) आहे : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्ससाठी तीन महिने अपात्र. रस्त्यावर तडजोडीने प्रत्यक्षात किती घेतात, ते राज्याराज्यांत वेगळे असते. दोन्ही कलमांत जबाबदार तुम्ही. पकडले जाल त्या दिवशी जाली काढणारा तुम्हाला ओळखणारही नाही.

आता ४६ हजारांकडे. पी ०४२० याचा अर्थ 'कन्व्हर्टर बदला' असा नाही. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टर ठीक असेल तर मागच्याचे रीडिंग जवळपास स्थिर राहते. तेही पुढच्यासारखे वरखाली नाचू लागले की कॉम्प्युटर हा कोड टाकतो. पण मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा पाइपच्या जोडावरचे गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत शिरत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. गॅस्केट काही शेकड्यांचे काम, सेन्सर काही हजारांचे. म्हणून सर्व्हिस सेंटरला दोन गोष्टी विचारा : दोन्ही सेन्सरचे चालू रीडिंग मला स्क्रीनवर दाखवाल का, आणि सायलेन्सरचा लीक तपासला का? इंजिन गार असताना पाइपच्या तोंडाशी जाड ओले फडके धरून गाडी चालू केली, तर लीक असलेल्या जोडापाशी फुसफुस ऐकू येते. ही तपासणी कोणताही मेकॅनिक पाच मिनिटांत करतो.

कन्व्हर्टर खरोखर गेला असला तरी तो आपणहून सहसा मरत नाही, त्याला कोणीतरी मारलेले असते. प्लग किंवा कॉइल खराब होऊन एक सिलिंडर मिस मारत असेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि वीट वितळते. इंजिन ऑइल पीत असेल तर लेपावर राख बसते. खड्ड्यात गाडी खालून आपटली की वीट तडकते, मग रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. मेट्रोच्या कामाने तुमच्याकडचे रस्ते कसे झाले आहेत, ते तुम्हीच जाणता. मूळ दोष तसाच ठेवून नवा बसवलात तर तोही जाईल, मग तो ४६ हजारांचा असो की तेराचा. लाखावर चाललेल्या गाडीचे प्लग कधी बदलले आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती कमी होते, याची उत्तरे मिळाल्याशिवाय एक पैसाही काढू नका.

घाई किती आहे? आपल्याकडचे पीयूसी केंद्र फक्त धूर मोजते, डॅशबोर्डवरचा दिवा बघत नाही. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालते. आताच जाऊन तपासून घ्या. पास झालात तर बीएस-४ गाडीला वर्षभराचे प्रमाणपत्र मिळते आणि निवांतपणे निदान करता येते. मात्र पिकअप गेला असेल, चढावर गाडी ओढत नसेल, तर वीट चोक झालेली असू शकते. तशी गाडी चालवत राहिलात तर खर्च इंजिनापर्यंत जातो.

बदलावाच लागला, तर १३ हजारांचा पर्याय मी सरसकट वाईट म्हणणार नाही. दहा वर्षांच्या गाडीत ४६ हजार घालणे मलाही जड वाटते. बऱ्याच छोट्या गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डला जोडूनच येतो, म्हणून कंपनीचा भाग इतका महाग पडतो. लोकल भागात धातूंचा लेप सहसा कमी असतो. पहिले काही महिने ठीक जातात आणि मग दिवा परत येतो. त्यामुळे विकणाऱ्याने बीएस-४ साठीचा आणि तुमच्या इंजिनाच्या सीसीला जुळणारा भाग असे बिलावर लिहून, वर्षभराची वॉरंटी दिली तरच घ्या. आणि कोड पुसला म्हणजे काम झाले असे समजू नका. स्कॅनरने पुसलेला कोड परत यायला कधीकधी बरेच दिवस गाडी चालावी लागते. अर्धे पैसे बसवताना आणि अर्धे तीनशे-चारशे किलोमीटर चालून दिवा लागला नाही तर, असे आधीच ठरवा. भंगारातून काढलेला घ्यायचा झाल्यास तो कोणत्या गाडीतला, हे नंबरासह बिलावर हवे. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असूनही तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

कच्च्या बिलात वाचतात किती? तेरा हजारांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३४० रुपये. तेवढ्यासाठी तुम्ही वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही सोडता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. पुढे वाद झाला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. नाही मिटला तर दोन वर्षांच्या आत भोपाळच्या जिल्हा आयोगाकडे जा, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये बदललात तर मालकाच्या पुस्तिकेत 'एमिशन वॉरंटी'चे पान आहे का, तेही बघून ठेवा. तुमच्या गाडीची मुदत बहुधा गेली असेल, पण ही ओळ नव्या गाडीवाल्यांसाठी.

काम कोणाकडेही करा, जुना कन्व्हर्टर तुमच्या मालकीचा आहे. जॉब कार्डवर 'जुना भाग मालकास परत' असे लिहून घ्या. मूळ कंपनीचा कन्व्हर्टर भंगारवाले हौसेने घेतात. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, मॉडेल सांगा, पावती घ्या. सर्व्हिस सेंटर 'एक्स्चेंज' म्हणत असेल, तर नव्याच्या किमतीतून किती वजा केले, तो आकडा कागदावर मागा. आकडा देत नसतील तर भाग डिकीत टाकून घरी आणा.

प्रश्न : घराखाली उभ्या असलेल्या माझ्या इको गाडीचा अख्खा सायलेन्सर रात्रीत चोरीला गेला. गाडी सात वर्षांची, खासगी नोंदणीची. नव्याचे कोटेशन ५० हजार. विम्यात मिळेल का, आणि क्लेम करावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : महाराष्ट्रात आणि गुजरातेत इकोच्या सायलेन्सरवर चोरांचा डोळा का, ते वर आलेच आहे : सायलेन्सरबरोबर जाणाऱ्या कन्व्हर्टरमधले धातू. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर मिळेल, नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. एफआयआर करा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येण्याआधी नवा बसवू नका. पाच ते दहा वर्षांच्या गाडीत धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापतात : ५० हजारांचे ३० हजार. त्यातून सक्तीचे एक हजार वजा, हातात २९ हजार. बदल्यात नो क्लेम बोनस जाईल. तो ५० टक्के असेल आणि ओन डॅमेजचा हप्ता सहा हजार धरला, तर बोनस परत ५० वर पोचेपर्यंतच्या पाच वर्षांत मिळून साधारण साडेसात हजार जास्त भराल. क्लेम करा. आणि नवा बसवताना त्याच्या नट-बोल्टवर वेल्डिंगचा एकेक टाका मारून घ्या.