विणणाऱ्याचे हात आणि घालणाऱ्याचे पाय

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच मेहकरात पहाटेचा गारठा जाणवू लागतो. पैनगंगेच्या काठचा वारा अंगाला झोंबतो, रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला शेतकरी कानाला मफलर गुंडाळतो आणि घरोघरी कपाटातले लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. बाजारात तयार स्वेटर स्वस्त मिळत असले तरी हाताने विणण्याची हौस काही कमी झालेली नाही. १९६२ च्या चीन युद्धात जवानांसाठी देशभरातील भगिनींनी स्वेटर विणले, ही आठवण जुनी मंडळी अजून सांगतात. आजही नातवंडाचे टोपडे आपल्याच हातचे असावे, असे आजीला वाटतेच.

आरोग्याच्या सदरात विणकाम कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण विणलेला कपडा अंगाला लागून राहतो. तो आजार टाळू शकतो, तसा नकळत इजाही करू शकतो. विणणाऱ्याच्या हातांचा, मानेचा आणि डोळ्यांचाही प्रश्न आहेच. म्हणून आज या विषयाचा थोडा अभ्यास करू.

उदाहरणासाठी एक गृहिणी डोळ्यांसमोर आणू. वय पंचेचाळीस. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुलट-उलट टाके शिकलेल्या, त्यानंतर सुया हाती धरलेल्या नाहीत. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सासरे पंधरा वर्षांपासून मधुमेही आहेत. बाईंनी यंदा ठरवले, आधी मफलर, मग बाळाचे टोपडे आणि शेवटी मामंजींचे पायमोजे. ही चढण कशी चढावी, ते पाहू.

पहिली पायरी : मफलर

नव्याने सुरुवात करणाऱ्याने जाड लोकर आणि आठ-नऊ नंबरच्या सुया घ्याव्यात. आपल्याकडे सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे ध्यानात असू द्यावे. फिकट रंगाची लोकर घ्यावी. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीचे टाके संध्याकाळच्या उजेडात दिसत नाहीत आणि डोळ्यांवर ताण येतो. चाळिशी लागलेली असताना चष्मा न लावता विणणे म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. उजेड मागून, खांद्यावरून कामावर पडेल असे बसावे.

मफलर विणताना मनाला एक प्रकारची शांती मिळते, हा अनेकींचा अनुभव आहे. ब्रिटनमधील जिल रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. जे अधिक वेळा विणतात, त्यांनी विणल्यानंतर मन शांत आणि आनंदी वाटते, असे अधिक प्रमाणात सांगितले. अर्थात ही विणकामाची आवड असणाऱ्यांनीच दिलेली उत्तरे आहेत. त्यावरून विणकाम हे नैराश्यावरचे औषध ठरत नाही. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. सुया सोबतीला ठेवायला हरकत नाही.

पण याच शांतीत एक धोका आहे. ‘एवढी ओळ झाली की उठते’ असे म्हणता म्हणता दोन तास जातात. मान खाली, खांदे वर, मनगट वाकलेले. आठवड्याभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली असता मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला तीव्र दुखले, तर तेथील स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आली असण्याचा संभव असतो. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असावी. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइडच्या विकारात हा त्रास अधिक आढळतो. अशा वेळी ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी काम खाली ठेवावे, बोटे पूर्ण पसरून मूठ मिटावी, खांदे गोल फिरवावेत, खिडकीतून दूरच्या झाडाकडे पाहावे. पाठीला टेका आणि कोपरांखाली उशी घ्यावी. काम मोठे असेल तर गोल सुई वापरावी, म्हणजे कपड्याचे वजन मनगटावर न येता मांडीवर राहते. टाके फार आवळू नयेत. आवळलेला टाका सुईवरून सरकत नाही, मग प्रत्येक टाक्याला बोटांना जोर लावावा लागतो.

दुसरी पायरी : बाळाचे टोपडे

मफलर पुरा झाला, हात बसला. आता टोपडे. येथे मात्र विणीच्या सौंदर्यापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते.

नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट असावे लागते. बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असते. त्यामुळे उघड्या, ओल्या डोक्यावाटे बरीच उष्णता निघून जाते. कमी वजनाचे बाळ थंड पडले की दूध ओढत नाही, मलूल होते आणि आजार बळावतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले. जंतुसंसर्गावर वेळीच उपचार, स्तनपान आणि बाळाला ऊब ही त्यातील काही प्रमुख कामे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासतात, त्या कामामागे विदर्भातील हा अनुभव आहे.

आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरणे, ही सर्वांत चांगली ऊब. टोपडे आणि मोजे हे तिचे मदतनीस. पहिल्या दिवशी बाळाला आंघोळ घालू नये. बाळ थंड पडले आहे का, हे आजीनेही ओळखावे. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला स्पर्श करावा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळाला थंडी लागते आहे, लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर बाळाला छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. उलट, बाळ लालबुंद व घामेजलेले दिसले तर कपडे जास्त झाले आहेत, असे समजावे. उबदार खोलीत धडधाकट बाळ झोपले असता टोपडे काढून ठेवावे. तोंडावर दुपटे कधीही ओढू नये.

आता विणणाऱ्या भगिनींसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना. बाळाचा मोजा विणून झाला की तो उलटा करून पाहा. दोन रंगांची नक्षी विणताना आतल्या बाजूला धागे लोंबते राहतात. अशा धाग्यात बाळाचे इवलेसे बोट अडकते, बाळ पाय झाडते आणि धागा आवळत जातो. बोट लाल होते, सुजते, रक्तपुरवठा थांबतो. बाळ मात्र रडण्यापलीकडे काही सांगू शकत नाही. बाळाचे पोट भरलेले आहे, दुपटे कोरडे आहे, तरी ते थांबेचना, तर मोजे काढून दहाही बोटे एकेक करून पाहावीत. आईचा गळलेला केसही असाच गुंडाळला जातो. धागा सहज निघत नसेल तर घरी खटपट न करता तात्काळ दवाखान्यात न्यावे.

म्हणून बाळासाठी एकाच रंगाची साधी वीण उत्तम. जाळीची वीण नको, तिच्या भोकांत बोटे अडकतात. टोपड्याला मोती व बटणे लावू नयेत. बंद आखूड ठेवावेत. लोकर टोचत असल्यास आत सुती कुंची घालावी.

तिसरी पायरी : आजोबांचे मोजे

मोजा विणणे ही विणकामातील परीक्षाच. बारा नंबरच्या चार सुयांवर गोल विणायचे, टाच वळवायची, पंजा कमी करत न्यायचा. पहिला जोड बहुधा उसवावा लागतो. त्यात लाज नाही.

पायमोज्याचे महत्त्व जगाला पहिल्या महायुद्धात कळले. चिखलपाण्याच्या खंदकात दिवसेंदिवस उभे राहून हजारो सैनिकांचे पाय बधिर झाले, सडले. पाय कोरडे ठेवणे आणि मोजे बदलणे हाच त्यावरचा मुख्य उपाय होता. मोज्याच्या टोकाशी शिवण न येता ते बंद करण्याच्या एका टाक्याला इंग्रज सेनानी किचनेरचे नाव आहे. हा किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानातील सैन्याचा सरसेनापती होता. सैनिकांच्या बोटांना शिवण काचू नये म्हणून तो टाका रूढ झाला, असे सांगतात.

सैनिकाला शिवण काचली तर निदान कळत होती. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा निकामी होऊ लागतात आणि वेदनाच कळेनाशी होते. मोज्यातली गाठ दिवसभर टोचत राहते, फोड येतो, फुटतो, जखम चिघळते, तरी आजोबा म्हणतात, ‘मला काही झाले नाही.’ अशा दुर्लक्षित जखमेमुळे पाय कापण्याची वेळ येऊ शकते. प्रेमाने विणलेल्या मोज्याने असे होऊ नये, म्हणून पुढील काळजी घ्यावी.

घोट्यावरची पट्टी सैल असावी. सुरुवातीचे टाके दोन सुया एकत्र धरून घालावेत, म्हणजे काठ ताणला जातो. मोजा काढल्यावर पायावर खोल वळ दिसला तर तो मोजा बाद समजावा. गुंडा बदलताना गाठ मारू नये. चार बोटे धागा सोडून तो बोथट सुईने विणीत ओवून घ्यावा. टोकाशी जाड शिवण नको. मोजा इतका ढगळही नको की बुटात चुण्या पडतील. रंग पांढरा किंवा फिकट घ्यावा, म्हणजे रक्ताचा वा पुवाचा डाग लगेच दिसतो. आणि येथेही तोच नियम. मोजा उलटा करून आतून हात फिरवावा. आपल्या बोटाला जे लागते, ते त्यांच्या पायाला लागणारच.

मोजे रोज धुतलेले घालावेत आणि रात्री ते काढल्यावर तळपाय व बोटांच्या बेचक्या घरातील कोणीतरी पाहाव्यात. पाय गार पडले म्हणून मधुमेही माणसाने शेगडीजवळ पाय धरू नयेत, गरम पाण्याची पिशवीही लावू नये. भाजले तरी कळत नाही. पाय सतत गार राहत असतील, चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, तर तो रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा इशारा असू शकतो. विशेषतः बिडी-तंबाखू ओढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अशा वेळी जाड मोजे विणत बसण्यापेक्षा डॉक्टरांची भेट आधी.

लोकर निवडताना

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते त्यातील बरीचशी ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम असते. ती स्वस्त आणि धुण्यास सोपी, परंतु घाम शोषत नाही. शिवाय आगीजवळ ती वितळून कातडीला चिकटते. मेंढीची खरी लोकर सहजी पेट घेत नाही. चुलीपुढे बसणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. खरी लोकर गरम पाण्यात चोळून धुतल्यास आटते आणि सैल मोजा घट्ट होतो. म्हणून ती थंड पाण्यात धुवावी. घरात गुळगुळीत फरशी असेल तर म्हाताऱ्या माणसांनी नुसते मोजे घालून चालू नये, वरून न घसरणारी चप्पल घालावी. घसरून मांडीचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते.

तेव्हा भगिनींनो, आणि हौस असल्यास बंधूंनो, सुया अवश्य हाती घ्या. मफलरपासून मोज्यापर्यंत सावकाश चढा, हात दुखला तर थांबा, चुकले तर उसवा. विणून झालेला कपडा शेजारणीला दाखवताना आपण सुलट बाजू पुढे करतो. बाळाला किंवा आजोबांना घालण्यापूर्वी मात्र उलट बाजू आधी पाहा.